परिपत्रक गावात पोहोचेपर्यंत

ग्रंथपालाने राजपत्रे, परिपत्रके चाळून कामाची यादी कर्मचाऱ्याच्या टेबलावर ठेवायची, याला ग्रंथालयशास्त्रात ‘प्रचलित जागरूकता सेवा’ म्हणतात. नाव जड, काम साधे. मराठवाड्याला ग्रंथालय कायदा लवकर लाभला: हैदराबाद राज्याचा, १९५५ चा. महाराष्ट्राचा आला १९६७ साली. मधे, १ मे १९६२ रोजी, जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या दप्तरांत परिपत्रके साचू लागली. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथनांचे सूत्र १९३१ चे; पण ग्रामसेवकालाही वाचक मानावे, हे आमच्याकडे फारसे कुणाला सुचले नाही. चुडाव्यात माझ्या चुलत्यांची घरकुलाची मुदत हुकली, तेव्हा परिपत्रक तालुक्याला येऊन पडलेले होते. गावच्या वाचनालयात त्या दिवशी कादंबऱ्याच होत्या. मीही तीच वाचत बसलो होतो.