कॅमेरा कुठे उभा राहतो?

आजची गोष्ट व्हिडिओची आहे. वेगळं वाटेल, पण आता आपल्यातली कोणती घरं व्हिडिओवाचून राहिली आहेत? कुणाचा मुलगा बोटीवर आहे, तो परक्या बंदरातून व्हिडिओ पाठवतो. कुणाची मुलगी मस्कतला किंवा दुबईला दिली आहे. तिच्या बाळंतपणाला आई विमानात बसून जाते आणि येताना मोबाईल भरून चित्रं आणते. उलट दिशेने पर्यटक आपल्याकडे येतात. रापण ओढताना, पाटीत मासळी निवडताना ते आपल्यालाच टिपून नेतात. ते व्हिडिओ पुढे कुठे जातात, त्यात आपल्याबद्दल काय बोललं जातं, हे आपल्याला कळत नाही.

परमुलखात जाऊन हलती चित्रं घेण्याची ही रीत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ती कुणी सुरू केली आणि बायकांच्या हाती कशी आली, हे आज पाहू.

सन १८९५ मध्ये फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंनी एक यंत्र तयार केलं. साधारण पाच किलो वजनाची लाकडी पेटी आणि तिला हाताने फिरवायचा दांडा. चित्र घ्यायचं, त्याची प्रत काढायची आणि ते पडद्यावर दाखवायचं ही तिन्ही कामं ती एकच पेटी करी. एका फितीत जेमतेम पन्नास सेकंदांचं चित्र मावे. हे खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. त्याच सुमाराला ल्युमिएर कंपनीने आपली माणसं पेट्या देऊन देशोदेशी धाडली.

त्यांच्यात गाब्रिएल व्हेर नावाचा एक तरुण होता. शिक्षणाने तो औषधं तयार करणारा, म्हणजे फार्मासिस्ट. चित्रपटाची शाळा तेव्हा नव्हतीच, त्यामुळे हे सगळेच हौशी म्हणायचे. व्हेर मेक्सिकोला गेला, जपानला गेला, मग आज ज्याला आपण व्हिएतनाम म्हणतो तिथे गेला. तिथे तेव्हा फ्रेंचांचं राज्य होतं. तिथली त्याची एक फीत आजही पाहायला मिळते. पांढरे झगे घातलेल्या दोन फ्रेंच बायका जमिनीवर नाणी फेकत आहेत आणि गावची पोरं ती वेचायला एकमेकांवर तुटून पडली आहेत. त्या बायका तिथल्या फ्रेंच गव्हर्नर जनरलच्या घरच्या, हे लोक आजही सांगतात. पोरांची नावं मात्र कुणी सांगत नाही. फितीत पोरं आहेत ती गंमत म्हणून. घरी जाऊन त्यांनी त्या नाण्यांचं काय केलं, त्यांच्या आयांना काय वाटलं, हे विचारायला कॅमेरा थांबला नाही.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर नावाचे छायाचित्रकार होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. ल्युमिएरचे खेळ पाहून त्यांनी विलायतेतून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचं चित्रण केलं. ती फीत धुऊन घ्यायला लंडनलाच पाठवावी लागली. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा कोकणी मुलगा केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला होता. मुंबईत त्यांचा मोठा सत्कार झाला आणि सावेदादांनी तो टिपला. परदेशाहून परतलेला आपला माणूस आपल्याच माणसाने चित्रात धरला, तो असा.

त्यानंतर दादासाहेब फाळके. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्याआधीचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले. ओळखीचं तिथे कुणी नव्हतं. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना ते जाऊन भेटले, त्यांच्या मदतीने एका स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि एप्रिलमध्ये घरी परतले. चित्रपटाला पैसा कोण देणार? सावकाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. रोज थोडं थोडं चित्र घेत अंकुर फुटण्यापासून वेल वाढेपर्यंतची फीत केली. पडद्यावर वेल भराभर चढताना पाहून बघणारे थक्क झाले. देव नाही, राजा नाही. फाळक्यांनी आधी चित्रपट केला तो घरातल्या एका रोपाचा.

या सगळ्यात सरस्वतीबाई फाळके कुठे होत्या? पैसे उभे करायला त्यांचे दागिने गेले. कच्च्या फितीच्या कडेला भोकं पाडावी लागत, तीही अंधारात. ते काम त्या रात्री घरात बसून करत. फीत धुण्याची रसायनं कालवत, चित्रीकरणात पांढरी चादर धरून नटांवर ऊन वळवत, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच गळ्यात. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यात तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही. साळुंके नावाच्या पुरुषाने लुगडं नेसून ती भूमिका केली. आपल्या दशावतारात पुरुष राण्या होतात, तसंच. म्हणजे पडद्यामागे बाई राबत होती आणि पडद्यावर बाई नव्हती. कॅमेऱ्याचा दांडा तर तिच्या हातात यायला अजून खूप वर्षं होती.

तो हातात आल्याची गोष्ट फार लांबची नाही. मुंबईहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर जहीराबाद लागतं. तेलंगणातला हा भाग पूर्वी निजामाच्या राज्यात होता, जसा आपला मराठवाडा होता. तिथल्या पस्तापूर गावी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी नावाची संस्था आहे. तिने गावोगावी बायकांचे संघ उभे केले. त्यांना तिथे ‘संघम’ म्हणतात. त्यातल्या बहुतेक दलित, कोरडवाहू शेतीवर आणि मजुरीवर जगणाऱ्या. गेल्या शतकाच्या शेवटी त्यांच्यातल्या काही जणी व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या. काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कॅमेऱ्याला अक्षर लागत नाही, नजर लागते. ती त्यांच्याकडे होती.

आम्हाला सर्वांत आवडली ती त्यांची शब्दांची शिकवण. कॅमेरा वरून खाली रोखला, तर त्याला त्या ‘पटेल शॉट’ म्हणतात. गावचा जमीनदार खाटेवर बसून खाली उभ्या मजुराकडे बघतो, तशी ती नजर. खालून वर घेतला, तर तो ‘गुलामाचा शॉट’. आणि समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला, तर तो ‘संघम शॉट’, कारण संघात सगळ्या एका उंचीवर बसतात. व्हेरच्या त्या नाण्यांच्या फितीला या बायकांनी काय नाव दिलं असतं, ते तुम्हीच ठरवा.

वरंगळ जिल्ह्यात बीटी कापूस आला तेव्हा या बायकांनी त्याचं चित्रण केलं. एकदा जाऊन चार मुलाखती घेऊन त्या परतल्या नाहीत. पेरणीपासून वेचणीपर्यंत पुन्हा पुन्हा गेल्या. बियाण्याला किती गेले, फवारणीला किती, हाती काय आलं, हे शेतकऱ्याच्या तोंडून घेतलं, आणि असं तीन वर्षं केलं. मग कॅमेरे घेऊन त्या परदेशी निघाल्या. दक्षिण आफ्रिका आणि इंडोनेशिया इथल्या कापूस उत्पादकांना त्यांनी भेटून विचारलं. पाहुण्याचं कुतूहल होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्याकडे होती. कापूस त्यांना ठाऊक होता, कर्ज ठाऊक होतं. परक्या भाषेतलं उत्तर दुभाष्याने सांगायच्या आधी चेहऱ्यावर वाचायला त्या शिकलेल्या होत्या. याच भागातल्या बायकांनी १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. तो खेड्यातल्या लोकांनी चालवलेल्या देशातल्या अगदी पहिल्या रेडिओंपैकी एक. म्हणजे आत्ता तुम्ही ज्या तऱ्हेने आम्हाला ऐकता आहात, त्या वाटेवरही त्याच पुढे होत्या.

मग आपण काय करायचं? लेकीकडे मस्कतला जाल तेव्हा उंच इमारतींचे व्हिडिओ घ्याच, पण एक सकाळ तिथल्या मासळीबाजारात जा. आपली सुरमई तिथेही येते. ती कशी तोलतात, दर कोण ठरवतं, बर्फ कुठून येतो, विकायला बायका बसतात का, नसतील तर का नाही? इमारत कुणीही टिपेल. हे प्रश्न विकणाऱ्या बाईलाच सुचतील. मात्र कुणाचाही चेहरा विचारल्याशिवाय घेऊ नका. आखातातल्या देशांत त्याचे कायदे कडक आहेत, आणि कायदा नसता तरी ते बरं नव्हे. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर धरा, आडवा धरा, घाईने फिरवू नका. सुरुवातीला आपल्या तोंडाने गाव, तारीख आणि समोरच्या माणसाचं नाव सांगा, म्हणजे दहा वर्षांनी बघणाऱ्याला कळेल की हा कोण.

आणि परदेशी जायला मिळालं नाही, तर फाळक्यांचा वाटाणा आठवा. आज रापणीला किती माणसं लागतात आणि हाताला किती मासळी लागते, हे आपल्या म्हाताऱ्या सांगतात आणि हळहळतात. पर्ससीन आणि एलईडीच्या बोटी आल्यापासून काय बदललं, हे त्या तोंडाने सांगतात. सभेत मात्र कागद मागितला जातो. महिन्यातून एकदा, एकाच ठिकाणी, एकाच रापणीचं चित्रण केलं, किती पाट्या भरल्या ते मोजून बोललं, तर वर्षभरात आपल्याकडे दाखवायला काहीतरी असेल. कोकमं वाळवणं, खारी मासळी, काजूची बी फोडणाऱ्या हातांना पडलेले डाग, हेही तसंच.

पुढच्या वेळी एखादा पाहुणा कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर आला, तर त्याला जरूर घेऊ द्या. फक्त विचारा, बाबा, माझं नाव लिहून घेतलंस का? आणि हे कुठे दाखवणार आहेस? जमलं तर तुमचाही मोबाईल काढा आणि त्याचा व्हिडिओ घ्या. समोरासमोर उभं राहून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.