सैगल झाल्याशिवाय रेडिओ बंद नाही

नांदेडला आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण वेळ कळायची ती रेडिओवरून. सकाळी साडेसातला रेडिओ सिलोनवर जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. आठच्या आत तो संपायचा आणि शेवटचं गाणं कुंदनलाल सैगल यांचं असायचं. अगदी रोज. सैगलचा आवाज आला की अब्बा सायकल बाहेर काढायचे आणि आम्ही पोरं दप्तर शोधायला लागायचो. त्याआधी कोणी बटणाला हात लावलाच तर दादी ओरडायची, "सैगल हुए बगैर बंद नक्को करो!"

सैगल जानेवारी 1947 मध्ये वारले. मी त्यांना ऐकत होतो ते त्यानंतर चाळीस वर्षांनी. माझ्या जन्माआधीच गेलेला माणूस मला पाठ कसा झाला? कारण साधं आहे. कुठल्या काळाची गाणी, कुठल्या वेळेला आणि कुठल्या क्रमानं लावायची, हे कोणीतरी विचार करून ठरवलं होतं. आज लिहायचंय ते या ठरवण्याबद्दल.

आपला मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला डेक्कन रेडिओ होता. 1935 मध्ये तो निजाम सरकारच्या ताब्यात आला आणि 1950 मध्ये आकाशवाणीत सामील झाला. म्हणजे रेडिओ आपल्याकडे आला तोच उर्दूचं बोट धरून.

1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार. आकाशवाणीवर शास्त्रीय कलावंतांना मानाची जागा मिळाली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण सिनेसंगीत त्यांना उथळ वाटे. त्यांनी त्याची वेळ कापली, निर्मात्यांशी वाद झाला आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. मुसलमान उस्तादांच्या हाती गेल्यामुळे उत्तर हिंदुस्थानी संगीताचं नुकसान झालं, असंही ते मानत. हे वाचताना मला वाईट वाटतं. अब्दुल करीम खाँसाहेबांची अर्धी हयात आपल्या मिरजेत गेली, आणि सवाई गंधर्व त्यांचेच शागीर्द!

आता त्याच 1952 सालची दुसरी बातमी. 'बैजू बावरा' प्रदर्शित झाला. त्यात अमीर खाँसाहेब आणि द. वि. पलुस्कर यांची जुगलबंदी आहे. मालकंस रागातलं हरिदर्शनाचं भजन आहे. ते लिहिलं शकील बदायुनींनी, चाल नौशाद यांची, आवाज महंमद रफींचा. रागदारी गल्लीबोळात पोहोचवणारा सिनेमा आला तो नेमका आकाशवाणीचं दार सिनेगीतांना बंद झालं त्या वर्षी.

श्रोते मात्र थांबले नाहीत, त्यांनी सुई फिरवली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांसाठी श्रीलंकेत उभारलेला ताकदवान ट्रान्समीटर पुढे रेडिओ सिलोनकडे आला होता. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या थरावर आपटून शेकडो मैल दूर उतरतात, म्हणून कोलंबोचं गाणं नांदेड-लातुरात ऐकू यायचं. डिसेंबर 1952 मध्ये तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानी घराघरांत पोहोचले. त्यांच्या आई कुलसुम सायानी 'रहबर' नावाचं नियतकालिक काढत. भाषा सोपी हिंदुस्थानी आणि लिपी तीन : देवनागरी, उर्दू, गुजराती. अमीनभाई लहानपणी त्यात मदत करत. त्यांच्या बोलण्यातला गोडवा या घरच्या तालमीतून आला होता.

अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीनं विविध भारती सुरू केली. सिनेमाची गाणी परत आली, आणि केसकर तेव्हाही मंत्रीच होते. पुढे याच विविध भारतीचा 'भूले बिसरे गीत' हा जुन्या गाण्यांचा सकाळचा कार्यक्रम घरोघरी लागू लागला. 1965 मध्ये सुरू झालेली आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस होती सीमेपलीकडच्या श्रोत्यांसाठी, पण तिच्यावरची फर्माईशीची जुनी गाणी आमच्या मोहल्ल्यातही तितक्याच आवडीनं ऐकली जायची.

या कार्यक्रमांत गाण्याइतकीच महत्त्वाची होती गाण्याआधीची दोन वाक्यं. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार, प्रत्येकाचं नाव घेतलं जाई. माझं उर्दू तलफ्फुज शाळेच्या आधी तिथं घडलं. शकील मुसलमान, भजन हरीचं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही, हेही तिथंच शिकलो.

गेल्या वर्षी लातूरला वर्गात मोबाइलवर ते मालकंसातलं भजन लावलं. मुलांनी शांतपणे ऐकलं. मग मी तिघांची नावं सांगितली. एक मुलगा म्हणाला, "सर, मुसलमान माणूस भजन कसं लिहील?" विचारणारा मुलगा मुसलमानच होता. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या मोबाइलवर गाणं येतं ते बहुतेक वेळा नावांशिवाय येतं. कोण गातंय ते दिसतं, कोणी लिहिलं ते शोधावं लागतं आणि शोधायला सांगणारं कोणी नसतं.

म्हणून आता शनिवारी परिपाठात आम्ही दहा मिनिटांचं 'केंद्र' चालवतो. एक दशक ठरवायचं, त्यातलं एक गाणं निवडायचं आणि लावण्याआधी चारही नावं सांगायची. निवेदन एकदा मराठीत, एकदा उर्दूत. अट एवढीच.

परवा मुलांनी दशक निवडलं 1990 चं. म्हणाली, "सर, फार जुनी गाणी लावू या." माझी बारावी त्याच दशकातली! क्षणभर बोचलं, मग हसू आलं. दादीला सैगल जुना वाटत नव्हता, तसंच हेही.