की-व्हॅल्यू डेटाबेसमधली माहिती एन्क्रिप्ट करणारी लायब्ररी

की-व्हॅल्यू डेटाबेस म्हणजे साधी वही: डावीकडे खूण (की), उजवीकडे माहिती (व्हॅल्यू). गूगलचा 2011 मध्ये खुला झालेला लेव्हलडीबी याच जातीचा. तो माहिती एन्क्रिप्ट करत नाही. ते काम वर बसवलेली छोटी लायब्ररी करते.

समजा, मालवणातल्या एखाद्या जमातीला जकात घेणाऱ्या कुटुंबांची नोंद मोबाईलवर ठेवायचीय. लायब्ररी नाव, माणसं, रक्कम हे रकाने जेसन साच्यात बांधते, एईएस पद्धतीने एन्क्रिप्ट करते आणि मगच साठवते. जीसीएम प्रकार वापरला तर कुणी फेरफार केला तेही कळतं.

तीच रक्कम दरवेळी सारखीच दिसली, तर नुसत्या मोजणीवरून अंदाज येतो. अक्षरं मोजून गुप्तलिपी फोडण्याची ही युक्ती नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदींनी लिहून ठेवली. म्हणून प्रत्येक नोंदीला नवा आकडा, म्हणजे नॉन्स, जोडतात.

खरी चूक होते ती 'की' निवडताना. व्हॅल्यू बंद, पण 'की' म्हणून फोन नंबर उघडा ठेवला, तर मदत कोण घेतं ते दिसलंच! अँड्रॉइडची एन्क्रिप्टेडशेअर्डप्रेफरन्सेस म्हणूनच दोन्ही एन्क्रिप्ट करते.

गुप्त चावी डेटासोबत ठेवू नये. ती हरवली तर नोंदीही गेल्या, म्हणून तिची प्रत विश्वासू माणसाकडे हवी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही माहिती सांभाळायची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावरच टाकली आहे.