फॉन्टात अडकलेला मराठी मजकूर आणि त्याची दुरुस्ती

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मराठी मुद्रणव्यवसायाने शिशाचे खिळे बाजूला ठेवून संगणकीय अक्षरजुळणी, म्हणजेच रूढ भाषेत डीटीपी, स्वीकारली. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांतील असंख्य पुस्तके, दिवाळी अंक, वृत्तपत्रांची पाने आणि कार्यालयीन परिपत्रके ज्या फाइलींमध्ये साठवली गेली, त्या आज दुसऱ्या संगणकावर उघडल्या असता मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची अर्थहीन सरमिसळ दिसते. हा मजकूर पुन्हा वाचता येण्याजोगा करण्याच्या कामाला ‘युनिकोडमध्ये रूपांतर’ असे म्हणतात. ते निव्वळ यांत्रिक समजले जात असले, तरी स्वभावाने ते मुद्रितशोधनाच्या अधिक जवळचे आहे.

या बिघाडाचे मूळ संगणकाच्या दोषात नसून साठवणुकीच्या पद्धतीत आहे. त्या काळातील फॉन्टमध्ये एका अक्षराला आठ बिटांचा एक क्रमांक मिळत असे. त्यामुळे एकूण जागा २५६, आणि त्यांतल्याही काही संगणकाच्या अंतर्गत सूचनांसाठी राखीव असत. देवनागरीची सर्व जोडाक्षरे एवढ्या जागेत मावणे अशक्य होते. म्हणून फॉन्टकारांनी अक्षरांचे तुकडे केले: अर्धी अक्षरे, काना, मात्रा, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या, रफार. हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले गेले, आणि कोणता तुकडा कोठे बसवायचा हे प्रत्येक कंपनीने आपल्यापुरते ठरवले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, कृतिदेव या सर्वांची मांडणी परस्परांहून वेगळी असण्याचे कारण हेच होय.

कृतिदेव ०१० या फॉन्टात ‘मराठी’ हा शब्द टंकित केला, तर फाइलीत प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरेच नोंदली जातात. त्यांना मराठी रूप देतो तो केवळ फॉन्ट. फॉन्ट काढून घेतला की भाषाही नाहीशी होते. याच फॉन्टात लहान डी म्हणजे ‘क’ आणि मोठा डी म्हणजे अर्धा ‘क्’ असल्यामुळे, वाक्यारंभीचे अक्षर आपोआप मोठे करण्याची वर्डमधील सोय चालू राहिली, तर परिच्छेदाच्या सुरुवातीचा पूर्ण ‘क’ टंकलेखकाच्या नकळत पायमोडका होत असे.

अक्षराचा आकार न साठवता अक्षर साठवावे, हे तत्त्व त्याआधीच मांडले गेले होते. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान याच तत्त्वावर उभे होते, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांसाठीची सामायिक संकेतप्रणाली मानक म्हणून जाहीर केली. परंतु छापखान्यांचा कारभार पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरवर चाले, आणि त्याला हवा होता पानावर थेट उमटणारा फॉन्ट. व्यवसायाने सोयीचा मार्ग धरला. त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली, असेच म्हणावे लागते.

१९९१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने जगातील लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक देण्याचा उपक्रम हाती घेतला, आणि त्यातील देवनागरीच्या १२८ जागांची रचना इस्कीवर आधारली. विंडोज २००० पासून र. कृ. जोशी यांनी रेखाटलेल्या मंगल फॉन्टासह ही व्यवस्था सामान्य संगणकावर आली. तरीही प्रकाशनक्षेत्र लगेच वळले नाही, कारण पेजमेकरच्या २००१ मधील शेवटच्या आवृत्तीलाही युनिकोड हाताळता येत नव्हते, आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांना अधिकृत स्थान मिळण्यास २०१२ साल उजाडले.

रूपांतराची खरी अडचण क्रमाची आहे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकित होई. युनिकोड मात्र उच्चाराचा क्रम पाळते, म्हणून वेलांटी व्यंजनानंतर आणि रफारातील ‘र्’ व्यंजनाआधी न्यावा लागतो. ‘ओ’ हा स्वर कृतिदेवमध्ये अ, काना आणि मात्रा अशा तीन कळांनी बनतो. त्या तिन्ही एकत्र करून एकच संकेत दिला नाही, तर शब्द डोळ्यांना ठीक भासतो, पण शोधात सापडत नाही. घाईने रूपांतरित केलेल्या मजकुरात ‘आणि’ऐवजी अ आणि काना वेगवेगळे असलेला ‘अाणि’ आजही जागोजाग आढळतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्यापूर्वी ते अ आणि चंद्र जोडून लिहिले जाई, त्यामुळे एकाच संग्रहात दोन्ही रूपे मिसळलेली असतात.

मराठीची आणखी एक खास नाजूक जागा म्हणजे ‘ऱ्य’मधील र. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या या जोड्यांमधील फरक रूपांतरकाने गमावला, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहूनही अर्थ पालटतो, आणि शब्दतपासनीसाच्या आज्ञावलीलाही त्यात काही चुकल्याचे आढळत नाही. मजकुरातील इंग्रजी अवतरणे, सूत्रे आणि संक्षेपही धोक्यात येतात, कारण सरसकट अक्षरबदल करणारी आज्ञावली त्यांनाही मराठी समजून त्यांचे कडबोळे करते. म्हणून सुजाण रूपांतरक फाइलीतील प्रत्येक तुकड्याला कोणता फॉन्ट लावला आहे, हे आधी वाचतो आणि जुन्या मराठी फॉन्टातील तेवढाच भाग बदलतो.

एवढे करूनही उरलेले काम माणसाचेच असते. सुट्या मात्रेखाली उमटणारे ठिपक्यांचे वर्तुळ सहज दिसते, पण जागा बदललेला अनुस्वार किंवा दोनदा पडलेला काना मूळ छापील प्रत शेजारी ठेवून वाचल्याखेरीज सापडत नाही. हे वाचन मुद्रितशोधकाच्या मोबदल्यात गणले गेले पाहिजे. ज्या प्रकाशकांकडे, ग्रंथालयांकडे आणि संस्थांकडे अशा फाइली पडून आहेत, त्यांनी जुने सॉफ्टवेअर चालत आहे तोवर रूपांतर करून घ्यावे. त्यानंतरही मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि पुस्तकाची एक छापील प्रत, या तीनही वस्तू एकत्र जपाव्यात.