पान जुळवण्याची विद्या

छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयांतून आज पुष्कळ मुले-मुली संगणकावर पान मांडायला शिकतात. कोणी उपयोजित कलेच्या वर्गात असतो, कोणी वृत्तपत्रविद्येच्या. कोणी रोज तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने येऊन हा अभ्यासक्रम पुरा करतो. फोटोशॉप, कोरल ड्रॉ, इनडिझाइन ही नावे त्यांच्या तोंडी सहज येतात. घरची वडीलधारी मंडळी मात्र विचारतात, "हे शिकून करणार काय? लग्नपत्रिका छापणार?" प्रश्न रास्त आहे, आणि लग्नपत्रिका नेटकी छापणे हेही काही हलके काम नव्हे. पण ही विद्या काल-परवाची आहे असे जे आपण समजतो, ते खरे नाही. मराठीच्या बाबतीत तिला दोनशे वर्षे होऊन गेली.

मराठी भाषेचे व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले ते १८०५ साली, आणि तेही महाराष्ट्रात नव्हे, बंगालमधील श्रीरामपूरला. छापणारे होते विल्यम केरी हे मिशनरी. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना निघाला. तिथे टॉमस ग्रॅहम नावाच्या कारागिराने देवनागरीचे सुबक खिळे पाडले. याच छापखान्यात गणपत कृष्णाजी हे छपाईचे काम शिकले आणि १८३१ साली त्यांनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. याच छापखान्यात जावजी दादाजी लहान वयात कामाला लागले. खिळे घासून साफ करायचे, असे ते काम. त्या जावजींनी पुढे स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी पाडलेल्या त्यांच्या अक्षरांचे वळण पुढे देशभर नावाजले गेले. त्या वेळी या विद्येचे महाविद्यालय नव्हते, वर्ग नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. दुसऱ्याच्या छापखान्यात पडेल ते काम करायचे आणि डोळे उघडे ठेवायचे, हीच शाळा.

आता अडचण कुठे होती ते पाहा. इंग्रजीला सव्वीस अक्षरे, त्यांची मोठी आणि लहान रूपे, अंक आणि विरामचिन्हे धरली की पेटी भरली. आपल्या देवनागरीत मात्रा वर, उकार खाली, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, काना मागे. शिवाय जोडाक्षरे निराळीच. खिळे जुळवणाऱ्याच्या समोरच्या पेटीत शेकडो खण असत, आणि न पाहता हात योग्य खणात गेला पाहिजे! अक्षरे उलटी, त्यामुळे वाचायचेही उलटे. अखंड पद्धतीत मात्रेसकट अक्षराचा एकच खिळा असे. डिग्री पद्धतीत वरच्या-खालच्या मात्रा वेगळ्या खिळ्यांवर बसवाव्या लागत. खिळ्यांची ही संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनी 'केसरी'च्या छपाईसाठी खटपट केली. सावरकरांनी तर 'इ'ऐवजी 'अि', 'उ'ऐवजी 'अु' अशी लिपीच बदलायला काढली. शाळांच्या जुन्या ग्रंथालयांत तशी छापलेली पुस्तके अजून सापडतात. यंत्रासाठी लिपीने वाकायचे, की लिपीसाठी यंत्राने? भांडण मुळात एवढेच होते, आणि ते अजून मिटलेले नाही.

मराठवाड्यात या भांडणाला आणखी एक पदर होता. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात, राजभाषा उर्दू. उर्दूची नस्तालीक लिपी खिळ्यांत बसेना, म्हणून कातिब हाताने लिहून देत आणि शिळाप्रेसवर ते छापले जाई. अशा काळात आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' साप्ताहिक काढले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली. कातिबाच्या लेखणीची जागा पुढे भारतातच तयार झालेल्या इनपेजने घेतली, ते १९९४चे. शहराच्या जुन्या वस्तीत नस्तालीक आणि देवनागरी पाट्या शेजारी-शेजारी दिसतात. मुलांनी त्या पाहाव्यात. अक्षरांचा असा तौलनिक धडा पुस्तकात मिळत नाही.

संगणकावर पान मांडण्याचे युग सुरू झाले १९८५ साली, पेजमेकरमुळे. ते काढणाऱ्या कंपनीचे नाव आल्डस. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये उत्तम ग्रंथ छापणाऱ्या आल्डस मॅन्युशियसवरून घेतलेले. १९९४ साली ती कंपनी अडोबीने घेतली. १९९९ साली इनडिझाइन आले, आणि २००१ची आवृत्ती ही पेजमेकरची शेवटची ठरली. तरी काही अभ्यासक्रमांत अजून पेजमेकरचे नाव आढळते. माझ्या मते, बटणे पाठ करवून घेणाऱ्या शिक्षणाची ही अडचण आहे. कार्यक्रम जुना झाला की ते शिक्षणही जुने झाले.

अक्षराचे ज्ञान तसे जुने होत नाही. दोन ओळींमध्ये पूर्वी शिशाची पट्टी घालत. तिचेच नाव 'लेडिंग' संगणकात राहिले आहे. यंत्राला तुम्ही काही सांगितले नाही, तर दहा पॉइंटच्या अक्षराला ते बारा पॉइंटची ओळ देते. इंग्रजीला ते पुरते. देवनागरीत मात्र वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळण्याची भीती असते. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांतले अंतर वाढवले की इंग्रजी शोभते, आपली शिरोरेषा मात्र तुटते. आणि 'ऱ्य'चे काय? नीट न टंकल्यास डोंगरातल्या 'दऱ्या'चा समुद्राचा 'दर्या' होतो. आचाऱ्यांना दिलेली मजुरी आचार्यांच्या नावावर पडते! मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण कसे असावे हे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने ठरवून दिले आहे. तरी कित्येक फाँटांत हिंदी वळणाचे ल-श येतात, आणि मराठी शाळेच्या भिंतीवर तेच लागतात. हे यंत्र सांगणार नाही, शिक्षकाने सांगायचे.

आणखी एक गोष्ट खेड्यातील शिक्षकबंधूंच्या उपयोगाची. सुरुवातीच्या मराठी फाँटांनी एक युक्ती केली होती. संगणकाला वाटे आपण इंग्रजी अक्षरे साठवतो आहोत; फाँट फक्त त्यांना मराठी मुखवटा चढवी. आणि दर कंपनीचा मुखवटा वेगळा. म्हणूनच जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा पसारा दिसतो. युनिकोडने १९९१पासून प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, आणि 'क' हा कोणत्याही फाँटमध्ये 'क'च राहू लागला. पण पान मांडण्याच्या कार्यक्रमांना युनिकोडची जोडाक्षरे नीट जुळवता यायला फार वर्षे लागली, म्हणून छापखान्यांतून जुने फाँट चालतच राहिले.

याचा परिणाम असा की शाळांचे वार्षिकांक, गावाच्या इतिहासाच्या पुस्तिका, ग्रामपंचायतींचे अहवाल असे कितीतरी मराठी या मुखवट्यांत अडकून पडले आहे. ते शोधता येत नाही, आणि फाँट हरवला तर वाचताही येत नाही. महाविद्यालयात हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुट्टीत गावी हेच काम द्यावे. शाळेच्या कपाटातील जुन्या फाइली काढायच्या, त्या कोणत्या फाँटमध्ये आहेत ते लिहून ठेवायचे, मजकूर युनिकोडमध्ये आणायचा आणि छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहायचा. पान पुन्हा मांडायला पैसे नसतील तर स्क्रायबस हा कार्यक्रम फुकट मिळतो. काम मात्र लवकर हाती घ्यावे. ते फाँट ज्यांच्यात आहेत ते जुने संगणक आता एकेक करून भंगारात चालले आहेत.