महामारी, वार्ता आणि कायदा : सातारा-सांगलीतील दोन प्रसंग

महामारीचा इतिहास लिहिताना अभ्यासक प्रामुख्याने शासकीय अहवालांवर विसंबतो. त्यांत रुग्णांची व मृतांची संख्या मिळते. मात्र साथीच्या काळात गावातील परस्परसंबंधांचे काय झाले, हे क्वचितच कळते. ते सांगणारा वार्ताहर कोण आणि त्याला ते सांगण्याची मुभा किती, हा प्रश्न म्हणूनच इतिहासाच्या साधनांचाही आहे. प्रस्तुत लेखात एकाच गावाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

हे गाव म्हणजे इस्लामपूर, सध्याचे ईश्वरपूर. १९४९ पर्यंत ते सातारा जिल्ह्यात होते. त्यानंतर दक्षिण सातारा आणि १९६० पासून सांगली असे जिल्ह्याचे नाव झाले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे निदान झाले व ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अस्तित्वात आला. घरझडती आणि सक्तीचे विलगीकरण यांविषयीचा असंतोष मराठी पत्रांतून उमटू लागला. २२ जून रोजी पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सरकारची वक्रदृष्टी वृत्तपत्रांकडे वळली. टिळकांवरील खटला सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्रावरही राजद्रोहाचा खटला चालला, याचे स्मरण मात्र फारसे राहिलेले नाही. त्यातील आक्षेपार्ह ठरलेला लेख प्लेगविषयी नव्हता. कॅनडाच्या राजकीय स्थितीशी हिंदुस्थानची तुलना करणारा तो लेख होता. परंतु साथीने निर्माण केलेल्या भयाच्या वातावरणातच तो वाचला गेला, असे म्हणावयास जागा आहे. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ‘प्रतोद’च्या संपादकास मात्र साताऱ्याच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. मुंबई उच्च न्यायालयाने ती पुढे एक वर्षावर आणली. पत्र जितके लहान आणि राजधानीपासून जितके दूर, तितका त्याच्यावरील पहिला घाव जबर, हे येथे नजरेआड करता येत नाही.

त्याच १८९७ च्या अधिनियमाचा आधार घेऊन महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये कोविड-१९ विषयक विनियम जारी केले. तथ्यांची खातरजमा आणि आरोग्य अथवा जिल्हा प्रशासनाची पूर्वपरवानगी यांशिवाय माध्यमांतून माहिती प्रसृत करू नये, अशी तरतूद त्यांत होती. अफवा रोखण्याचा हेतू अनाठायी नव्हता. पण ज्या यंत्रणेच्या कामाची वार्ता द्यावयाची, तिचीच अनुमती घ्यावयाची, हा पेच त्यातून उद्भवला.

या विनियमांनंतर अवघ्या काही दिवसांत, २३ मार्च रोजी, इस्लामपुरात सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातील चौघे बाधित आढळले. आठवड्याभरात ही संख्या वीसच्या पुढे गेली. संपर्कशोध व कडक नाकेबंदी यांमुळे साखळी खंडित झाली आणि ‘इस्लामपूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. प्रशासनाचे हे यश खरेच आहे. तथापि त्या गल्लीत दूध कोणी पोहोचविले, शेजाऱ्यांनी दारे कधी उघडली, बरे होऊन परतलेल्यांशी गाव कसे वागले, याची उत्तरे ‘पॅटर्न’ देत नाही. त्यासाठी पायी हिंडणारा बातमीदार लागतो.

टाळेबंदीत ही उणीव काही अंशी मुक्त पत्रकारांनी भरून काढली. त्यांच्या पाठीशी ना मासिक वेतन असते, ना संस्थेचे ओळखपत्र; आजारी पडल्यास खर्चही स्वतःचाच. कोल्हापूर येथील संकेत जैन यांनी ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या संग्रहासाठी केलेले लेखन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते शेजारच्या जिल्ह्यातील असले, तरी कृष्णा-पंचगंगेच्या या पट्ट्यात महापूर व महामारी एकाच घरावर कशी कोसळते, हे त्यातील आशा स्वयंसेविकांच्या कथनांतून स्पष्ट होते. जून २०२१ मध्ये याच स्वयंसेविका राज्यभर संपावर गेल्या आणि पुढच्याच महिन्यात सांगलीत पुन्हा पुराचे पाणी शिरले.