सुगरणीची पारख

आषाढ लागला कीं मालवणच्या आसपास शेतांच्या आणि खाड्यांच्या कडेला उभ्या असलेल्या माडांवर सुगरणीचीं घरटीं लोंबूं लागतात. हें नाजूक विणकाम मादीचेंच असणार, असा आपला पूर्वापार समज. एरव्हीं ह्या पक्ष्याला गृहकृत्यदक्ष स्त्रीचें नांव मिळतें ना. वस्तुतः विणकर असतो तो नर. मग मादी काय करते? ह्या प्रश्नाच्या उत्तराला मोठा इतिहास आहे, आणि त्याचें एक पान ह्याच कोंकणांत लिहिलें गेलें.

१८७१ सालीं डार्विन ह्यांनीं असें मत मांडलें कीं, मोराच्या पिसाऱ्यासारखी नरांची शोभा माद्यांच्या निवडीमुळें पिढ्यानपिढ्या वाढत गेली. नरांच्या झुंजी विद्वानांनीं सहज मान्य केल्या. पण मादीला आवडनिवड असते, हें अनेकांच्या पचनीं पडेना. नैसर्गिक निवडीचें तत्त्व डार्विनप्रमाणेंच स्वतंत्रपणें शोधून काढणाऱ्या वॉलेस ह्यांनींही ह्या बाबतींत त्यांची साथ सोडली. पुढें १९३० सालीं फिशर ह्यांनीं अनुवंशशास्त्राच्या आधारें ह्या कल्पनेला बळकटी आणली.

त्याच १९३० सालीं जर्मनीहून परतलेले, हाताला नोकरी नसलेले सलीम अली अलिबागजवळच्या किहीम गांवीं राहात होते. तेथील सुगरणींच्या वसाहतीवर त्यांनीं पावसाळ्यांत नजर ठेवली, आणि १९३१ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. नर घरटें अर्धेंच विणतो. तें शिरस्त्राणाच्या आकाराचें झालें कीं माद्या येऊन आंतबाहेर तपासून पाहतात. एखादीनें पसंत केलें तरच मीलन घडतें व नर पुढचें विणकाम पुरें करतो. मग तो दुसऱ्या घरट्याला, आणि दुसऱ्या मादीच्या प्रतीक्षेला, लागतो. अंडीं उबविण्याचा भार मात्र एकट्या मादीवर. जिच्या पदरीं खर्च अधिक, तिची पारख कडक, हें सूत्र १९७२ सालीं ट्रिव्हर्स ह्यांनीं सिद्धांतरूपानें मांडलें.

मीलन झालें म्हणजे मादीचा अधिकार संपला, असेंही नाहीं. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीच्या वाळूंत अंडीं घालावयास येणारी समुद्रकासवाची मादी नराचें बीज देहांत साठवून ठेवूं शकते. एकाच खड्ड्यांतील अंड्यांचे जनक कधीं कधीं एकाहून अधिक असतात. देहांतर्गत चालणाऱ्या अशा गुप्त निवडीवर एबरहार्ड ह्यांनीं १९९६ सालीं स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

पक्ष्यांच्या व्यवहारावरून माणसांच्या संसाराचे धडे काढावे, असें आम्हांस वाटत नाहीं. धडा घ्यावयाचा तो पाहणाऱ्यांनीं. ज्या समाजांत मुलगी दाखविण्याची रीत, तेथें मादी वराची परीक्षा घेते हें लवकर कोणाच्या ध्यानांत यावें? आमच्या भाषेनें सुगरणीला तिनें न केलेल्या विणकामाचें श्रेय मुक्तहस्तें दिलें. तिनें केलेली निवड मात्र तिच्या नांवावर मांडावयाची राहून गेली. माडावर एखादें अर्धें घरटें वाऱ्यावर झुलतांना दिसेल, तेव्हां विणकराच्या आळसाला दोष देण्यापूर्वीं, परीक्षक येऊन गेली असावी, हेंही वाचकांनीं मनांत आणावें.